आरोग्य केंद्रापर्यंतचा बसप्रवास: पोहोच मोजायची कशी आणि विषमता दाखवायची कशी? (संवाद; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पदपथ

शहरातल्या सार्वजनिक आरोग्य केंद्रांपर्यंत आणि रुग्णालयांपर्यंत लोक किती सहज पोहोचतात, याचा नकाशा करायचा आहे. क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक केंद्राभोवती १ किमीचं वर्तुळ काढलं की जवळजवळ सगळी वस्ती आत येते आणि शहराचं सगळं उत्तम चाललंय असं चित्र दिसतं. हे चित्र खोटं आहे. रेल्वेमार्गाच्या पलीकडची वस्ती वर्तुळात आहे, पण ओलांडायला पूल दीड किमीवर आहे.

हाताशी असलेली माहिती: जीटीएफएस (वेळापत्रकं संगणकाला वाचता येतील अशा फायलींत ठेवण्याचं प्रमाणित स्वरूप) स्वरूपातलं बसचं वेळापत्रक, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे रस्ते, प्रभागनिहाय लोकसंख्या, केंद्रांची यादी (डॉक्टर, खाटा, वेळा). स्वतःचं वाहन नसलेल्या माणसाच्या बाजूने हिशेब करायचा आहे.

तीन प्रश्न आहेत. प्रवासाचा वेळ कशाने काढायचा आणि कोणती गृहीतकं धरायची? ३० मिनिटं, ४५ मिनिटं अशी एकच मर्यादा ठेवावी का? आणि शेवटी, एका भागावर अन्याय होतोय हे आकड्यात कसं मांडायचं?

---

फेरीपत्रक

वर्तुळ सोडूनच द्या. सरळ रेषेतल्या अंतरापेक्षा रस्त्याने होणारं अंतर शहरात साधारण १.२ ते १.४ पट भरतं, आणि रेल्वे, नाला, दुभाजक असलेला मोठा रस्ता आडवा आला की याहून कितीतरी जास्त. शिवाय वर्तुळाला बस कळतच नाही.

वेळ काढायला आर भाषेतलं आर५आर किंवा पायथॉनमधलं आर५पाय वापरा. दोन्हींच्या पोटात प्रवासवेळ काढणारं एकच आर५ इंजिन आहे. त्याला लागतात दोन फायली: रस्त्यांची पीबीएफ (ओपनस्ट्रीटमॅपची माहिती साठवणारी फाइल) आणि जीटीएफएसची झिप. चढउताराचं शहर असेल तर उंचीची रास्टर (चौकटीचौकटीने आकडे असलेली) फाइलही द्या, नाहीतर टेकडी चढणं आणि सपाटीवर चालणं सारखंच धरलं जातं.

आता गृहीतकं. इथेच बहुतेक नकाशे बिघडतात.

निघण्याची एकच वेळ देऊ नका. ८:०० ला निघालं तर बस लगेच मिळते आणि ८:०३ ला निघालं तर २७ मिनिटं थांबावं लागतं, असे मार्ग असतात. आर५ दिलेल्या कालखंडातल्या प्रत्येक मिनिटाला निघून पाहतं. आर५आरमध्ये हा कालखंड मुळात १० मिनिटांचा असतो, तो ६० किंवा १२० करा. उत्तर पर्सेंटाइलमध्ये घ्या. ५० म्हणजे निम्म्या मिनिटांना निघालं तर इतक्या वेळात किंवा त्याआधी पोहोचता येतं. आरोग्यसेवेसाठी मी ८५ वा पर्सेंटाइलही शेजारी ठेवेन. दोन्हींत फरक मोठा असेल तर तिथे गाड्या विरळ आहेत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

चालण्याचा वेग ताशी ४.८ किमी धरण्याची पद्धत आहे, पण तो धडधाकट माणसाचा. आजारी किंवा वयस्कर माणसासाठी सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २.९ किमी धरा. थांबा ६०० मीटरवर असेल तर पहिल्याला साडेसात मिनिटं लागतात, दुसऱ्याला साडेबारा. एवढ्यात बस चुकते आणि मग फरक पाच मिनिटांचा राहत नाही, पुढच्या गाडीपर्यंतचा होतो. म्हणून वेग बदलून पूर्ण हिशेब पुन्हा चालवावा लागतो. उत्तरात पाच मिनिटं मिळवून भागत नाही.

ओपीडीला ठरलेल्या वेळेपर्यंत पोहोचायचं असतं, तेव्हा हिशेब उलटा करा. आर५आरच्या विस्तारित प्रवासवेळ तक्त्यात प्रत्येक मिनिटाला निघाल्यावरचा वेळ मिळतो. त्यातून ९:०० च्या आत पोहोचवणारं सगळ्यात उशिराचं मिनिट शोधा. ते ७:४८ असेल तर रुग्णाचा खर्ची पडलेला वेळ ७२ मिनिटं, मग बस भले ८:३५ लाच दारात सोडत असो.

एक गोष्ट वेळापत्रकात कधीच दिसत नाही: गाड्या समान अंतराने येत नाहीत. सरासरी थांबणं म्हणजे दोन गाड्यांमधल्या अंतराचा निम्मा, हे गाड्या नेमाने आल्या तरच खरं. नाहीतर त्या निम्म्याला (१ + चलनांकाचा वर्ग) याने गुणा. चलनांक म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी. दर १२ मिनिटांनी गाडी आणि प्रमाण विचलन ९ मिनिटं असेल तर सरासरी थांबणं ६ नाही, ९.४ मिनिटं. बसच्या जीपीएसच्या नोंदी मिळाल्या तर हे मार्गागणिक काढता येतं.

---

सोबती

वरचं सगळं बरोबर आहे, पण ते आरोग्य केंद्रापर्यंत जाण्याचं गणित आहे. रुग्णाला परत घरीही यायचं असतं, आणि एका आजारपणात किती वेळा जावं लागतं यावर सगळं ठरतं.

डायलिसिसचं उदाहरण घ्या. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. महिन्याला सरासरी १३ फेऱ्या. एका बाजूचा प्रवास ७५ मिनिटांचा असेल तर महिन्याला साडेबत्तीस तास नुसते बसमध्ये आणि थांब्यावर. डोळे तपासायला वर्षातून एकदा जाणाऱ्याला तीच ७५ मिनिटं चालून जातात. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सगळ्या सेवांना मिळून एक मर्यादा ठेवूच नका. लसीकरण, गरोदरपणातल्या तपासण्या (जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून किमान ८ भेटी सुचवल्या आहेत), डायलिसिस, तज्ज्ञांची ओपीडी हे थर वेगळे करा. प्रत्येक थरासाठी 'महिन्याचे प्रवासाचे तास' हा स्तंभ काढा: फेऱ्या गुणिले जाण्यायेण्याचा वेळ. तातडीची सेवा या नकाशात घालू नका. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस बसथांब्यावर उभा राहत नाही. तिथे रुग्णवाहिका किती वेळात येते हा स्वतंत्र अभ्यास आहे.

परतीचा हिशेब वेगळा चालवा. सुरुवात आणि शेवट यांची अदलाबदल करा आणि निघण्याची वेळ सेवा संपण्याची ठेवा. डायलिसिसची शेवटची पाळी रात्री साडेनऊला संपत असेल तर त्या वेळी कोणत्या मार्गाची शेवटची गाडी निघून गेलेली आहे, हे लगेच दिसेल. सकाळच्या नकाशावर हिरव्या दिसणाऱ्या वस्त्या रात्रीच्या नकाशावर पोहोचण्यापलीकडच्या निघतात. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, थकवा येतो. म्हणून परतीला चालण्याचा वेग आणखी कमी आणि चालण्याची कमाल मर्यादा १० मिनिटं ठेवा. या एका नकाशावर मी सगळ्यात जास्त भर देईन.

व्हीलचेअर. जीटीएफएसमध्ये थांब्यांच्या फाइलीत आणि फेऱ्यांच्या फाइलीत यासाठी एकेक स्तंभ असतो. त्यात १ म्हणजे सोय आहे, २ म्हणजे नाही, आणि ० किंवा रिकामं म्हणजे माहितीच नाही. ० ला 'सोय आहे' धरलं तर शहर सुगम दिसतं, 'नाही' धरलं तर जवळजवळ सगळं बंद दिसतं. दोन्ही हिशेब करून दोन्ही आकडे छापा. मधली दरी हीच माहिती गोळा करण्याची निकड दाखवते. आणि थांबा आणि गाडी दोन्हीकडे १ असेल तरच प्रवास शक्य. लो-फ्लोअर गाडी उंच फुटपाथ नसलेल्या थांब्यावर किंवा खड्ड्यात उभी राहिली तर रॅम्पचा चढ अंगावर येतो.

---

पदपथ

खूप उपयोग झाला, धन्यवाद. पहिला हिशेब चालवला. दोन अडचणी आहेत. एका चालवणीत सगळ्या शहरात फक्त चालत जाण्याचेच वेळ आले, बस कुठेच वापरलेली नाही. दुसऱ्या चालवणीत बस आली, पण दोन मोठे भाग पूर्ण कोरे आहेत आणि सगळ्यात मोठं रुग्णालय शेजारच्या वस्तीपासूनही २० मिनिटांवर दाखवतंय.

---

फेरीपत्रक

पहिली अडचण तारखेची. कॅलेंडरच्या फाइलीत सेवेची सुरुवात आणि शेवट दिलेला असतो. तुमची तारीख त्याच्या बाहेर पडली की इंजिनाला त्या दिवशी एकही बस दिसत नाही आणि उरतं ते चालणं. सुट्टीचा दिवसही निवडू नका, अपवादांच्या फाइलीत तो वगळलेला असू शकतो. साधा मंगळवार किंवा बुधवार घ्या. तारीख बरोबर असूनही काही मार्ग गायब असतील तर फाइल एक्सेलमध्ये उघडून साठवली होती का ते बघा. मध्यरात्रीनंतरच्या फेऱ्या जीटीएफएसमध्ये २५:१०:०० अशा लिहितात, एक्सेलमध्ये अशा वेळांचं स्वरूप बिघडू शकतं. थांब्यांच्या क्रमांकांपुढची शून्यंही उडवतं, मग दोन फायलींतले क्रमांक जुळत नाहीत. साध्या टेक्स्ट एडिटरनेच बदल करा.

कोरे भाग: बहुधा तिथल्या गल्ल्या ओपनस्ट्रीटमॅपवर मुख्य रस्त्याला जोडलेल्याच नाहीत. रेषा डोळ्यांना टेकलेल्या दिसतात, पण सामाईक बिंदू नसतो. इंजिन तुमच्या वस्तीचा बिंदू जवळच्या रेषेला चिकटवतं, ती रेषा एकटी पडलेली असते, आणि वस्ती 'अप्राप्य' ठरते. दाट, अनियोजित वस्त्यांत हे हमखास होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी नकाशा करायचा तेच आधी पुसले जातात. नकाशात दुरुस्ती करा, पीबीएफ नव्याने उतरवून घ्या आणि आर५ने बनवलेली जुनी नेटवर्क फाइल पुसा, नाहीतर ते जुनंच जाळं वाचत राहील.

मोठ्या रुग्णालयाचा बिंदू आवाराच्या मध्यावर पडलाय. तो ओपीडीच्या दरवाजाशी न्या. पण मुख्य फाटकाशी नेऊन थांबू नका: फाटक ते ओपीडी हे ३००-४०० मीटर रुग्णाला चालावेच लागतात, फक्त ते खऱ्या वाटेने मोजले जावेत. मागचं फाटक बंद ठेवत असतील तर तिथली रेषा तोडा.

लोकसंख्याही प्रभागाच्या मध्यबिंदूवर ठेवू नका. तो तळ्यात किंवा मैदानात पडतो. एच३ (नकाशा सारख्या षटकोनांत विभागणारी जाळी) षटकोनांची ९ वी पातळी घ्या, एक षटकोन सुमारे ०.१ चौ. किमीचा. प्रभागाची लोकसंख्या त्यातल्या निवासी इमारतींच्या क्षेत्रफळानुसार षटकोनांत वाटा. झोपडपट्टीत तेवढ्याच जागेत जास्त माणसं राहतात, तिथे वेगळं गुणोत्तर लावा. आणि शहराची हद्द ही अभ्यासाची हद्द नाही. हद्दीपलीकडची केंद्रं आणि पलीकडून येणारे लोक, दोन्ही घ्या.

---

आकडेमोड

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. वेळ कळला म्हणजे सेवा मिळाली असं नाही. त्या केंद्रावर किती लोकांचा भार आहे ते लागतं. यासाठी तरंगत्या सेवाक्षेत्राची दोन पायऱ्यांची पद्धत वापरतात (लुओ आणि वांग, २००३). पहिल्या पायरीत प्रत्येक केंद्राचे डॉक्टर भागिले मर्यादेच्या आत राहणारे लोक. दुसऱ्या पायरीत प्रत्येक वस्तीला जी जी केंद्रं आवाक्यात आहेत त्यांच्या गुणोत्तरांची बेरीज.

हातानेच करून पाहू. केंद्र 'अ'कडे १० डॉक्टर, 'आ'कडे ४. वस्ती प २०,००० लोकांची, फ ३०,०००, ब १०,०००. 'अ' आवाक्यात आहे प आणि फ यांच्या. 'आ' आवाक्यात आहे फ आणि ब यांच्या. 'अ'चं गुणोत्तर १०/५०,०००, म्हणजे हजारी ०.२. 'आ'चं ४/४०,०००, हजारी ०.१. वस्त्यांना मिळालं: प ०.२, फ ०.३, ब ०.१.

आता ब वस्तीची बस कमी झाली, प्रवास २८ वरून ३४ मिनिटांवर गेला आणि मर्यादा ३० होती. ब आता शून्यावर. 'आ'चं गुणोत्तर ४/३०,०००, म्हणजे ०.१३३, फ चढतो ०.३३३ वर. प जागेवर. लोकसंख्येने भारित सरासरी काढा: आधी १४ डॉक्टर भागिले ६०,०००, हजारी ०.२३३. नंतरही ०.२३३.

हे योगायोगाने झालेलं नाही. प्रत्येक केंद्राच्या आवाक्यात कोणीतरी असेल तोवर ही सरासरी एकूण डॉक्टर भागिले एकूण लोक इतकीच राहते, बस कितीही तुटल्या तरी. एका वस्तीची सेवा बंद झाली की शेजारच्या वस्तीचा आकडा सुधारतो, कारण गर्दी कमी झाली. म्हणून अहवालात 'शहराची सरासरी पोहोच' हा आकडा कोणी मागितला तरी देऊ नका. वाटप दाखवा.

वाटपासाठी जिनी गुणांक (वाटप किती असमान आहे ते सांगणारा आकडा) सगळे वापरतात, पण वंचित कोण आहे हे तो सांगत नाही. ब वस्ती श्रीमंत असो की गरीब, जिनी तोच. तुम्हाला हवा आहे केंद्रीकरण निर्देशांक: वस्त्या गरिबीकडून श्रीमंतीकडे लावा, लोकसंख्येनुसार प्रत्येकीला ० ते १ मधलं स्थान द्या, मग पोहोच आणि स्थान यांच्या सहविचलनाची (दोन्ही किती एकत्र बदलतात त्या मापाची) दुप्पट भागिले सरासरी पोहोच. वरच्या उदाहरणात ब सगळ्यात गरीब, मग फ, मग प असं धरलं तर बस कमी होण्याआधी निर्देशांक ०.०२४, नंतर ०.०७१. तिप्पट. धन म्हणजे वाटप श्रीमंतांकडे झुकलेलं. क्रम उलटा, ब सगळ्यात श्रीमंत असती, तर तेच आकडे ऋण आले असते. उत्पन्नाची माहिती नसेल तर घरात वाहन आहे की नाही यावर क्रम लावा. या विषयाला ते जास्त जवळचं आहे.

३० मिनिटांच्या कड्यावरून कोसळणं टाळायचं असेल तर पट्टे करून भार द्या. लुओ आणि ची यांनी २००९ मध्ये ०-१०, १०-२०, २०-३० मिनिटांच्या पट्ट्यांना १, ०.६८, ०.२२ असे भार दिले. ते मोटारीच्या प्रवासासाठी होते. बसला जसेच्या तसे लावू नका. नुसतं थांब्यापर्यंत चालणं आणि गाडीची वाट बघणं यात १५ मिनिटं जातात, पहिला पट्टा रिकामाच राहील. ०-२०, २०-४०, ४०-६० घ्या आणि पट्टे बदलल्यावर सगळ्यात मागे राहणाऱ्या वस्त्या त्याच राहतात का ते तपासा. त्याच राहिल्या तर निष्कर्ष भक्कम.

---

सोबती

डॉक्टरांची पदं मोजू नका, ओपीडीत बसण्याचे तास मोजा. आठवड्यातून दोन सकाळी येणारे स्त्रीरोगतज्ज्ञ यादीत 'एक डॉक्टर' असतात, आणि पूर्णवेळ बसणाऱ्याही 'एक'च. गरोदर बाईला बुधवारी दुपारी जाऊन उपयोग काय? पुरवठ्याच्या स्तंभात तासच टाका, सेवेच्या प्रकारानुसार वेगळे.

आणि भाडं. एका बाजूला दोन बस घ्याव्या लागल्या आणि तिकीट दर चढण्याला नव्याने लागत असेल, तर सोबतच्या माणसासह येऊन-जाऊन आठ तिकिटं होतात. महिन्याच्या तासांशेजारी महिन्याची तिकिटं हाही स्तंभ ठेवा. वेळेच्या नकाशावर बऱ्या दिसणाऱ्या काही वस्त्या इथे खाली घसरतील.

---

पदपथ

हे मांडल्यावर पुढचा प्रश्न 'मग करायचं काय' असा येणार. नवीन केंद्र उघडा, एवढंच सांगायचं का?

---

फेरीपत्रक

नाही. पर्याय हिशेबात चालवून त्यांची तुलना द्या, प्रत्येकासाठी जीटीएफएसची वेगळी प्रत करून.

आधी काहीच न बांधता होणारे बदल. ओपीडीत केसपेपर काढण्याची खिडकी ८:३० ला बंद होते आणि त्या बाजूची पहिली जोडगाडी ८:४० ला पोहोचते, अशा ठिकाणी खिडकी १०:०० पर्यंत चालू ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. यासाठी वेळापत्रकाला हात लावायची गरज नाही, उलट्या हिशेबातली ठरलेली वेळ तेवढी बदलायची. मग थांबा ओपीडीच्या फाटकाशी सरकवणं: थांब्यांच्या फाइलीतले अक्षांश-रेखांश बदला, दुसऱ्या काही मार्गांचा जोडथांबा तुटत नाही ना ते बघा. मग डायलिसिसची शेवटची पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने सुटणारी एक जादा फेरी. ती घालताना पहिल्या आणि शेवटच्या थांब्याच्या वेळा कोऱ्या ठेवू नका, बाकीच्या मधल्या वेळा त्यांवरून काढल्या जातात. वारंवारता वाढवणं त्यानंतर, कारण त्याला गाड्या आणि चालक लागतात. नवीन केंद्र सगळ्यात शेवटी.

प्रत्येक पर्यायापुढे तीनच आकडे द्या: सगळ्यात मागे असलेल्या दहा टक्के लोकांचा ८५ व्या पर्सेंटाइलचा वेळ, डायलिसिसचे महिन्याचे तास, आणि केंद्रीकरण निर्देशांक. दोन पर्याय निर्देशांकात बरोबरीचे निघाले तर पहिला आकडा ज्यात जास्त उतरतो तो वर ठेवा. निर्देशांक पुढे असलेल्यांचा आकडा घसरल्यानेही सुधारू शकतो, म्हणून तो एकटा कधीच देऊ नका.